कोरड्या विहिरीतली वाघीण

१

इनामगावच्या शिवारात, घोड नदीच्या अलीकडं, आनंदराव थोपट्यांची एक जुनी विहीर आहे. कठडा नाही, जाळी नाही, पाणी असून नसल्यासारखं. सोमवारी सकाळी पावणेदहाला ऊसतोडीच्या बायका तिथं पाणी बघायला गेल्या आणि हंडे टाकून पळत आल्या. तळाला दगडांच्या ढिगावर बिबट्याची मादी मरून पडली होती. अर्ध्या तासात काठावर शंभर माणूस जमलं. आमच्याकडं बिबट्याला सरसकट वाघच म्हणतात, आणि वाघ म्हटलं की माणूस आधी मोबाईल काढतो, मग घाबरतो.

वनरक्षक मर्सी साळवे तेव्हा दोनशे पावलांवर, उसाच्या तोडलेल्या फडात बसली होती. समोर कोंबड्यांचं लोखंडी जाळीचं खुराडं, दार सताड उघडं, आणि आत वीसेक दिवसांची दोन पिल्लं. रात्रभर उपाशी राहून त्यांचा आवाज बसला होता. विहिरीकडून ओरडा ऐकू आला तेव्हा मर्सीला काय झालंय ते कुणी सांगावं लागलं नाही.

पिल्लं आदल्या दिवशी, रविवारी दुपारी ऊस तोडताना सापडली होती. अशा वेळी करायचं एवढंच असतं. पिल्लं जिथं सापडली तिथंच संध्याकाळी ठेवायची आणि माणसांनी लांब व्हायचं. रात्री आई येते आणि एकेकाला मानगुटीला धरून घेऊन जाते. शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढलेल्या मर्सीनं आठ वर्षांत अकरा पिल्लं अशी आईच्या हवाली केली होती. आई आली नाही तर मात्र पिल्लांचा खेळ खलास. शिकार शिकवणारं कुणी नाही म्हटल्यावर त्यांना रानात सोडता येत नाही, आणि बिबट्या पिंजऱ्यात पंधरा-वीस वर्षं जगतो.

पिल्लं ठेवायची खात्याची पेटी त्या दिवशी कवठे येमाईला अडकली होती, म्हणून मर्सीनं आनंदरावांच्या सरूबाईंकडून खुराडं मागून आणलं. दार उघडं ठेवलं. तेवढ्यात फोन वाजला. कवठ्यात बिबट्या एका घराच्या पडवीत शिरला होता आणि गर्दी आवरायला माणूस नव्हतं. ती गेली, आणि परत आली ती सकाळी नऊला. बघते तर पिल्लं जागच्या जागी.

वनमजूर म्हाळूनं दोर बांधून विहिरीत सोडला. त्याची तीस वर्षं याच कामात गेलेली. वरूनच त्यानं निकाल दिला, की रात्री पिल्लांकडं येताना अंधारात पडली, दुसरं काही नाही. गर्दीलाही ते पटलं. मर्सी दोराला धरून खाली गेली. जानेवारीची थंडी, विहिरीचा तळ बर्फासारखा गार. तिनं मादीच्या पुढच्या पायाखाली, काखेत हात घातला.

अंग अजून कोमट होतं. ही रात्री मेलेली नव्हती.

२

मर्सी खालीच बसून राहिली. वरून लोक खाली वाकून बघत होते, कुणीतरी तिचाच व्हिडिओ काढत होतं. तिनं मादीचे चारी पंजे बघितले. जिवंत जनावर विहिरीत पडलं की ते गप्प पडून राहत नाही. कपारी ओरबाडतं, नखं तुटतात, रक्ताळतात. हिची नखं जशीच्या तशी होती आणि भिंतींवर एकही ताजा ओरखडा नव्हता. म्हणजे पडायच्या आधीच ती मेलेली होती, आणि मेलेलं जनावर आपल्या पायांनी विहिरीत जात नाही.

पुढच्या उजव्या पंजाच्या गादीवर चिंचोक्याएवढा डाग होता. काळा, कडेनं पांढरट. पाठीच्या केसांत प्लास्टिकच्या गोणीचा पांढरा धागा अडकला होता. आचळं मात्र दुधानं तटतटून फुगली होती, आणि ती बघितल्यावर मर्सीनं तोंड फिरवलं.

वर आल्यावर तिनं म्हाळूला हळूच सांगितलं, की मादी विजेच्या झटक्यानं गेलीय, आज सकाळी गेलीय, आणि कुणीतरी गोणीत घालून इथं आणून टाकलीय. म्हाळूचा चेहरा उतरला. म्हणाला, मॅडम, ह्या रानात वावरणारी माणसं तरी किती. आणि त्यानं बोटांवर मोजून दाखवली. आनंदराव, त्यांची बायको सरूबाई, मुलगा सत्यजीत, आणि तोडीचा मुकादम जालिंदर.

आनंदराव सोसायटीचे माजी चेअरमन. बोलायला बसले की समोर सभा आहे असंच बोलायचे. गेल्या दिवाळीत त्यांचं वासरू बिबट्यानं नेलं होतं आणि ग्रामसभेत त्यांनी उघड सांगितलं होतं, की एकेक उचलून न्या, नाहीतर आम्ही बघतो काय करायचं ते. मर्सीनं त्याचीच आठवण करून दिली. ते खवळले. म्हणाले, रागाच्या भरात बोललेलं धरून बसणार असाल तर अख्ख्या तालुक्याला बेड्या घाला. सकाळपासून आपण पारावर होतो, नऊपर्यंत फडात जायचं नाही असं तुम्हीच बजावलं होतं. पारावरच्या चौघांनी त्यांना दुजोरा दिला.

"आन् वीज कुठनं आणली तुम्ही?" आनंदराव म्हणाले. "काल रात्री लाईट तरी हुती का शिवारात?"

मुद्दा खरा होता. शेतीची लाईट इथं पाळीनं येते. एक आठवडा रात्रीची, एक आठवडा दिवसाची, आणि पाळी बदलते त्या रविवारी रात्री तर मुळीच नसते. कालचा रविवार नेमका तोच होता. मर्सीलाही ते माहीत होतं. किंबहुना त्याच भरवशावर तर ती कवठ्याला गेली होती.

जालिंदर बीडकडचा. त्याच्या सख्ख्या भाचीला दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या गावच्या फडात बिबट्यानं ओढून नेलं होतं. पिल्लं सापडली तेव्हा त्यानं कोयता उगारला होता आणि म्हाळूनं त्याचा हात धरला होता. आता तो झोपडीवजा कोपीसमोर उकिडवा बसून तंबाखू मळत होता. मर्सीनं विचारलं, सकाळी कुठं होतास. कोपीतच, म्हणाला. बायकामाणसांना घेऊन बसलो होतो. कारण ती रात्रभर फडात ओरडत होती.

"कोण?"

"वाघीन. करवत वढल्यागत आवाज. रातभर. दिस उगावला तरी चालूच. मग हिकडच्या पान्याच्या मोटारी चालू झाल्या आन् तिचा आवाज बंद झाला. मला वाटलं, मोटारीला भ्याली."

मर्सी उठून उभी राहिली. आई आली नाही, असं सकाळपासून जो तो सांगत होता.

३

ती तडक खुराड्याकडं गेली. नऊ वाजता तिनं फक्त पिल्लं बघितली होती, खुराडं बघितलंच नव्हतं. आता गुडघ्यावर बसून ती ते बघायला लागली. खुराडं संध्याकाळच्या जागेवरून हातभर सरकलं होतं. मागच्या बाजूच्या दोन सळ्या बाहेर ओढल्यासारख्या वाकल्या होत्या. दाराच्या कडीवर पिवळे केस चिकटलेले, आणि थोडं वाळलेलं रक्त. ते हिरड्यांचं असावं. तिनं लोखंड दातांनी चावलं होतं.

उघड्या दारातून पिल्लं उचलायला कुठली आई सळ्या चावत बसेल? आई आली तेव्हा दार बंद होतं. रात्रभर बंद होतं. आणि सकाळी नऊच्या आत ते कुणीतरी उघडून ठेवलं होतं, आई आलीच नाही असं वाटावं म्हणून.

सरूबाई चहा घेऊन आल्या. साठीची बाई, हातापायानं काटक. पिल्लांकडं बघून त्यांचा जीव तुटत होता आणि विहिरीतल्या मादीवर त्यांचा राग मावत नव्हता. त्यांच्या तीन शेळ्या गेल्या होत्या, त्याचं त्यांना काही नव्हतं. पण कसली आई म्हणायची ही, पोरं टाकून रातभर हिंडली आणि हिंडता हिंडता मेली, असं त्या परत परत म्हणत होत्या. मर्सीनं मान खाली घालून चहा घेतला. तेवढ्यात तिची नजर बांधावर गेली.

बांधाच्या कडेनं, खुराड्यापासून आठ-दहा पावलांवर, काल संध्याकाळी एक तार होती. रानडुकरांसाठी वीतभर उंचीवर ताणलेली. बेकायदा तर खरीच. शिवारात अशी तार दहा ठिकाणी सापडेल, आणि काढायला सांगितलं तर लोक डुकरांनी लोळवलेला ऊस दाखवतात. मर्सीनं काल ती बघितली होती आणि आनंदरावांना विचारलंही होतं. त्यांनी सांगितलं, उद्या सकाळी आठपर्यंत लाईटच नाही, तार मेलेली आहे. ते खरं होतं. मादी पहाटेच्या आत पिल्लं नेईल, तार उद्या काढायला लावू, असं म्हणून मर्सी फोनच्या मागं धावली होती. आठ वर्षांत पहिल्यांदाच तिनं असं केलं.

आता तिथं तार नव्हती. खुंट्या उपटल्याची भोकं होती, कडेची माती अजून ओली. म्हाळूनं बांधाच्या टोकाला, मोटारीच्या पेटीमागं बघितलं. उसाच्या पाल्याखाली तारेचं वेटोळं आणि एक रिकामी, मध्ये फाटलेली खताची गोणी निघाली.

"सत्यजीत कुठाय?" मर्सीनं विचारलं. सरूबाई म्हणाल्या, झोपलाय. रातपाळी करून आलाय पोरगा, कारेगावावरनं.

सत्यजीत झोपलेला नव्हता. घराच्या मागच्या अंगाला दगडावर बसून तो बूट घासत होता. आधीच स्वच्छ झालेले बूट तो घासतच होता.

४

त्याला फार विचारावं लागलं नाही. मर्सीनं पांढरा धागा आणि ती गोणी त्याच्यासमोर ठेवली, आणि आठ वाजता काय झालं एवढंच विचारलं. त्यानं हातातला बूट खाली ठेवला. तिशीचा माणूस, कंपनीत मशीनवर, घरात लहान मुलगी. गावात याच्याबद्दल कुणी वाईट बोललेलं मर्सीनं ऐकलं नव्हतं.

रात्रीची लाईट असते त्या आठवड्यात तारेचा खटका चालूच ठेवायचा, ही त्याची पद्धत. दिवसा लाईट नसतेच, मग रोज खाली-वर कशाला करायचा. पाळी बदलायच्या रविवारी संध्याकाळी मात्र आठवणीनं खटका पाडायचा, नाहीतर सोमवारी सकाळी बांधावरून जाणारं माणूसच चिकटायचं. तीन वर्षं त्यानं ते एकदाही चुकवलं नव्हतं. काल गर्दी झाली, पिल्लं बघायला पाव्हणेरावळे आले, त्यांच्यासाठी त्याच्या बायकोला, अपेक्षाला, तीनदा चहा टाकावा लागला, आणि कंपनीची गाडी चुकेल म्हणून तो पळाला. खटका तसाच राहिला.

सकाळी सव्वाआठला तो आला तेव्हा मोटार चालू होती आणि मादी तारेवर आडवी पडली होती. तोंड खुराड्याकडं.

"मॅडम, मी मारली न्हाई," तो म्हणाला. "पण कोण इश्वास ठेवणार? जामीन मिळत न्हाई म्हणत्यात. नोकरी जाणार. मला काय सुचंना. खटका पाडला, तार काढली, गोणीत घालून वढत नेली." पिल्लं ओरडत होती, कान फाटायची वेळ आली, असंही तो म्हणाला.

मर्सीनं विचारलं, आणि दार? तेव्हा तो गोंधळला. दार बंद होतं. कडी घातलेली होती. तुम्हीच घातली असेल असं त्याला वाटलं. बंद दार बघून तुम्ही विचारात पडाल म्हणून त्यानं ते उघडून ठेवलं.

म्हाळूनं दात-ओठ खाल्ले आणि जालिंदरचं नाव घेतलं. भाचीचा डूख धरून त्यानंच कडी घातली, आई हाका मारून मारून वेडी व्हावी म्हणून. मर्सीलाही क्षणभर तसंच वाटलं. वाटलं म्हणण्यापेक्षा तिला तसं हवं होतं. कुणीतरी पक्का हरामखोर सापडला असता तर बरं झालं असतं.

पण पिल्लांच्या अंगाखाली एक फडकं होतं. जुन्या लुगड्याचं, चार पदरी शिवलेलं, मऊ. सकाळी तिला वाटलं होतं म्हाळूनं अंथरलं असेल. तिनं आता विचारलं तर म्हाळू नाही म्हणाला. संध्याकाळी खुराडं ठेवलं तेव्हा तळाला नुसता पाला होता. म्हणजे ती गेल्यावर, अंधार पडायच्या आत कुणीतरी खुराड्यापाशी आलं होतं, आणि ते माणूस डूख धरून आलेलं नव्हतं. पिल्लांना थंडी वाजेल म्हणून आलं होतं.

मर्सीनं डोळे मिटले. असं लुगडं त्या घरात एकच बाई नेसत होती.

५

पंचनामा लिहायला तीन वाजले. मादीला ताडपत्रीत गुंडाळून एका गाडीत ठेवलं, सत्यजीतला पुढं बसवलं. आनंदराव एका कोपऱ्यात उभे होते. दुसऱ्या गाडीत पिल्लांची पेटी. कवठ्याहून ती आता आली होती.

सरूबाई ओट्यावर बसल्या होत्या. मुलगा नेला याचं रडून झालं होतं. मर्सी त्यांच्याशेजारी जाऊन बसली. इथून उठून निघून जाता आलं असतं. केस पूर्ण होती. तार, खटका, कबुली, सगळं कागदावर होतं, आणि म्हातारीला काही कळायची गरज नव्हती. पण सकाळपासून ज्या आईला ही बाई शिव्या देत होती ती रात्रभर सळ्या चावत बसली होती, आणि ते तसंच राहू द्यायचं मर्सीच्यानं होईना.

"मावशी, काल सांजच्याला तुम्ही पिल्लांकडं गेल्ता?"

गेले होते की, सरूबाई सहज म्हणाल्या. तू नको म्हणाली होतीस, पण केवढीशी ती, दात वाजत होते त्यांचे. फडकं टाकलं आणि लगेच माघारी आले. कुणी बघितलंसुद्धा नाही.

"येताना कडी घातली?"

"मग? खुराड्याला कडी न घालता कोण येतंय? कुत्री हायती, मुंगसं हायती." जन्मभर रोज संध्याकाळी जे केलं ते त्यांच्या हातानं कालही केलं होतं.

सरूबाईंनी मर्सीकडं बघितलं, मग गाडीकडं. त्या अडाणी होत्या, पण खुळ्या नव्हत्या.

"आल्ती व्हय ती?"

"आल्ती, मावशी. रातभर हुती. उजाडल्यावरबी गेली न्हाई. म्हणून तर लाईट यायच्या टायमाला तिथं सापडली."

सरूबाईंनी दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले. रडल्या नाहीत. पिल्लांना परत कधी सोडणार, असं त्यांनी विचारलं. मर्सी म्हणाली, सोडणार नाही. मग त्यांनी विचारलं, म्हंजी मरूस्तोवर पिंजऱ्यातच? मर्सी हो म्हणाली.

"मग माझं नाव लिव्ह," सरूबाई म्हणाल्या. "पोराचं लिवलंस. माझंबी लिव्ह."

मर्सीनं सांगितलं की त्यासाठी कलम नाही. पेटी नसताना खुराडं वापरायचं मी ठरवलं, दार उघडं राहील असं तारेनं बांधून ठेवायचं मी विसरले, बांधावरची तार बघून मी ती तशीच सोडून गेले, ते सगळं मी लिहिलंय. खाली माझी सही आहे. तुमच्या कडीचं कुठं लिहिता येत नाही.

"मग मी कुठं जाऊ?"

लोकांना सांगायचं ते सगळं मर्सी आठ वर्षं सांगत होती. विहिरीला कठडा बांधा, तारा काढा, गर्दी करू नका, पिल्लाला हात लावू नका. यातलं या बाईला आता काय सांगायचं ते तिला कळेना. तिनं सरूबाईंचा हात धरला. तो गार पडला होता.

पिल्लांची गाडी सुरू झाली. नदीच्या वळणापर्यंत त्यांचा आवाज येत होता. जालिंदरच्या माणसांनी राहिलेल्या उसाला कोयते लावले, कारण फड उद्यापर्यंत संपवायचा होता.